करपलेलं सॉकेट, पुरातल्या एमसीबी: ठेवू की टाकू?

प्रश्न (चिपळूणहून एक ताई): दादा, 2021 च्या जुलैच्या पुरात आमचा तळमजला पूर्ण बुडाला होता. तेव्हा काढलेले स्विच, सॉकेट, चार-पाच एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे खटके) आणि एक आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा) धुऊन सुकवून पोत्यात भरून ठेवलंय. आता मागच्या खोलीचं वायरिंग करायचंय. भाऊ म्हणतो सगळं फेकून दे, वायरमन म्हणतो खटका नीट पडतोय तर कशाला फेकता. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, यावेळी भावाचं ऐका. खटका पडतोय म्हणजे दांडी हलतेय, बस, त्याच्यापुढे काही कळत नाही. एमसीबीच्या पोटात एक बायमेटलची पट्टी असते, ती लोड वाढला की तापून वाकते आणि खटका पाडते, शॉर्टसर्किटसाठी वेगळी कॉइल असते, शिवाय बारीक स्प्रिंगा असतात. पुराचं पाणी म्हणजे काय नळाचं पाणी नव्हे, त्यात गाळ होता, गटार होतं, कोणाच्या दुकानातलं खत-डिझेल काय काय होतं, आणि तो गाळ आत जाऊन सुकला की पट्टी अडकू शकते. म्हणजे हाताने ऑन-ऑफ मस्त होणार पण खरा शॉर्ट झाला की ढिम्म हलणार नाही, तोवर वायर पेटलेली असेल. आरसीसीबीचं तर विचारूच नका, 30 मिलिअँपिअर लीकेजला ज्याने पडायचं त्याच्यावर घरातल्यांचा जीव असतो. टेस्टचं बटण दाबून तो आज पडला तरी भिजलेला असेल तर लावू नका.

स्विच-सॉकेटचंही तेच. सुकलेला गाळ उन्हाळ्यात गप्प बसतो आणि कोकणातला जून लागला, हवा ओली झाली की त्याच गाळावरून बारीक करंट सरकायला लागतो, मग चिरचिर आवाज, मग जळका वास.

मग ठेवायचं काय? माझा साधा हिशेब असा, की जिथे करंट जुळतो-तुटतो ती वस्तू भिजली किंवा करपली की टाकायची, आणि जिथे तो नुसता वाहतो ती तपासून ठेवायची. म्हणजे प्लास्टिकचे बॉक्स, प्लेटा घासून वापरा, काही होत नाही. भिंतीतल्या पाइपातली जुनी वायर अजून तशीच असेल तर लगेच ओढून काढू नका. टोकाला तांबं हिरवं-काळं पडलेलं असेल तेवढं कापायचं, आत चकचकीत तांबं लागेपर्यंत, कारण पाणी तारांच्या मधून आत चढत जातं. मग बल्ब, पंखे, सगळं सोडवून 500 व्होल्टचा मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला सांगा, किमान 1 मेगओहम तरी दाखवायला हवा, नवीन चांगली वायर त्याच्या कितीतरी पट जास्त दाखवते. काठावर आली तर बदला. वायरमनकडे मेगर नसेल आणि तो नुसता टेस्टर लावून "ठीक आहे" म्हणत असेल तर दुसरा वायरमन बघा, टेस्टरने फेज आहे का तेवढंच कळतं.

पंप, मिक्सर वगैरेच्या मोटारी बुडाल्या असतील तर भंगारात घालायची घाई नको, वाइंडिंगवाला सुकवून वार्निश मारून बेअरिंग बदलून देतो. खर्च आधी विचारा, नव्याच्या निम्म्यापुढे गेला तर सोडून द्या.

प्रश्न (पुण्यातून): गिझरच्या पिनचा टॉप वितळला. नवीन टॉप बसवला, सॉकेटचं एक भोक तपकिरी झालंय पण चालतंय. भाड्याचं घर आहे, मालक म्हणतात राहू द्या.

उत्तर: राहू द्यायचं नाही, बहुतेक वेळा आजार सॉकेटमध्येच असतो. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, आतली पितळी पट्टी एकदा तापली की तिची पकड जाते, पकड सैल म्हणून अजून तापते, आणि असं चालूच राहतं, त्यात तुमचा नवा टॉपही महिन्या-दोन महिन्यांत पिवळा पडेल. टॉप आणि सॉकेट दोन्ही एकदम बदलायचे, 16 अँपिअरचे, आयएसआय मार्कचे. मेन बंद करून प्लेट उघडली की मागची वायर बोटाने वाकवून बघा. कडक होऊन तडकत असेल तर मऊ भाग येईपर्यंत कापा. कापून आखूड पडली तर पीळ देऊन टेप गुंडाळायचा उद्योग गिझरच्या लाइनला करू नका, 2.5 स्क्वेअर एमएमची नवी वायर ओढा. मालकांना फोटो पाठवा, जळक्या सॉकेटचा फोटो बघून माणसं पटकन हो म्हणतात :)

प्रश्न (नागपूरहून): पंखा हळू फिरतो. जुन्या पंख्याचा कंडेन्सर काढून लावू का?

उत्तर: इतकी स्वस्त वस्तू आहे, नवीनच घ्या. जुन्यावर जो आकडा छापलाय तोच, बहुतेक सीलिंग फॅनला 2.5 मायक्रोफॅरड असतो. "मोठा लावा, जोरात फिरेल" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका, वाइंडिंग तापतं. फुगलेला कंडेन्सर तर सरळ टाका.

प्रश्न (नागपूरचेच): आणि हे सगळं टाकायचं कुठे?

उत्तर: ओल्या-सुक्या कचऱ्यात नको, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तांब्यासाठी वायर अंगणात जाळू नका, पीव्हीसीचा धूर फार विषारी असतो. आणि देण्याआधी एमसीबीची दांडी पक्कडीने मोडा, टॉपच्या पिना कापून टाका, नाहीतर कोणीतरी पुसून परत दुसऱ्याच्या बोर्डात बसवतं.