चार हजार शब्द लिहायचे कसे?

अकरावीचं दुसरं सत्र सुरू झालं की आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळांमधल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेक एकच असते: मुलगा हुशार आहे, मार्क चांगले आहेत, पण 'एक्स्टेंडेड एसे' (ईई, म्हणजे स्वतः विषय निवडून लिहायचा संशोधन-निबंध) म्हटलं की खोलीत जाऊन बसतो आणि कागद कोरा राहतो. पालक स्वतः स्टेट बोर्डातून शिकलेले असतात. 'माझा आवडता ऋतू' वीस ओळींत संपवलेल्या पिढीला चार हजार शब्दांचा निबंध म्हणजे पीएचडीच वाटते, आणि ती धास्ती नकळत मुलापर्यंत पोचते.

ज्या मुलाबद्दल लिहिते आहे त्याला ओंकार म्हणू. नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. पुण्यातलं कुटुंब, वडील इंजिनिअर, आई बँकेत. आईंचा पहिलाच प्रश्न होता, "मॅडम, हा आळशी झालाय की ह्याला डिप्रेशन आलंय?" झोप, जेवण, मित्र, क्रिकेट सगळं व्यवस्थित चालू होतं. अडलेलं होतं एकाच ठिकाणी.

आधी नियम, कारण अर्धी भीती ते नीट माहीत नसल्यामुळे असते. निबंधाची मर्यादा 4000 शब्दांची. त्यापुढचं परीक्षक वाचत नाहीत. शाळेतले एक शिक्षक सुपरवायझर असतात आणि त्यांच्याशी तीन औपचारिक चर्चा होतात, शेवटची तोंडी परीक्षेसारखी. पूर्ण मसुद्यावर ते एकदाच शेरे देतात. ईई आणि टीओके ('थिअरी ऑफ नॉलेज' हा विषय) मिळून आयबी डिप्लोमाच्या 45 गुणांपैकी जास्तीत जास्त 3 गुण मिळतात. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणणारी मुलं असतात, पण ईईला ई, म्हणजे सगळ्यात खालची ग्रेड आली तर डिप्लोमाच मिळत नाही. आणि मुलाने यासाठी द्यायचा वेळ आहे साधारण 40 तास. हा आकडा ऐकल्यावर ओंकारच्या वडिलांचा चेहरा सैलावला. दोन-दोन तासांच्या वीस बैठका, बस.

ओंकारने विषय ठरवला होता: 'भारतातली मोठी धरणं, विकास की विनाश?' दोन महिने तो यावर वाचत होता. भाक्रा, सरदार सरोवर, कोयना, सगळं लॅपटॉपमध्ये साठवलेलं. लिहायला बसला की प्रत्येक परिच्छेद कुठूनही सुरू करता येत होता, म्हणून एकही सुरू होत नव्हता. माझ्या अनुभवात कोरा कागद हा लिहिण्याचा प्रश्न क्वचितच असतो. मुलाकडे विषय असतो, प्रश्न नसतो. शिवाय 'विकास की विनाश' असं विचारलं की उत्तर आधीच ठरलेलं असतं: दोन्हीही. ते सांगायला चार हजार शब्द कशाला हवेत?

मी त्याला विचारलं, "यातलं कोणतं धरण तुझ्या घरात शिरलंय?"

तो हसला, मग थांबला. 12 जुलै 1961 ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही गेलं, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं. त्याच्या आजीचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेतल्या एका वाड्यात भाड्याने होतं. घरात ही गोष्ट त्याने शंभरदा ऐकलेली, पण तिला कधी 'अभ्यास' समजला नव्हता. इतिहासाच्या निबंधात गेल्या दहा वर्षांतल्या घटना चालत नाहीत. 1961 ला ती अडचण नव्हती.

पुढचे काही आठवडे प्रश्न लहान करण्यात गेले, आणि हे काम त्याच्या सुपरवायझर बाईंनी केलं, मी नाही. धरण का फुटलं हा प्रश्न त्याने सोडून दिला, कारण तो इंजिनिअरिंगचा होता. (वडिलांना तोच हवा होता. त्यांना समजवायला एक वेगळी बैठक लागली.) शेवटी प्रश्न असा झाला: पुरानंतर झालेलं पुनर्वसन नदीकाठच्या भाडेकरू कुटुंबांच्या रोजगाराशी कितपत जुळलं? मी त्याला फक्त दोन कसोट्या दिल्या होत्या. उत्तर तुला आज माहीत नाही ना? आणि या आठवड्यात तू कुठे जाऊन, कोणाला भेटून, काय उघडून बघू शकतोस? दुसऱ्या कसोटीवर 'भारतातली धरणं' नापास होतात. पानशेत पास होतं: त्या वेळच्या 'केसरी', 'सकाळ'चे अंक, गोखले इन्स्टिट्यूटने पुराच्या आधी केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी, आणि पुरानंतर गोखलेनगर, सहकारनगरमध्ये राहायला गेलेली माणसं.

आता गंमत ऐका. आजी ठामपणे म्हणाली, "आम्हाला सरकारनं दमडी दिली नाही." आणि तिच्याच ट्रंकेत मदत मिळाल्याची पावती निघाली. ओंकार हिरमुसून आला. "आजी खोटं बोलते असं लिहू का?" मी म्हटलं, तिलाच विचार. आजीच्या लेखी घोंगडी आणि भांडी ही मदत नव्हतीच. ज्या दुकानात आजोबा कामाला होते ते बुडालं, त्याचं कोणी काही केलं नाही, एवढंच तिच्या लक्षात होतं. पावती खरी आणि आजीही खरी. इथून त्याच्या निबंधाला कणा आला. कागदपत्रं काय मोजतात आणि माणसं काय मोजतात, यावर त्याने जे लिहिलं ते कुठल्याही वेबसाइटवर त्याला सापडलं नसतं. एआयकडून निबंध लिहून घेण्याचा मोहही, तो म्हणतो, तिथेच संपला. त्या पावतीबद्दल एआयला काय माहीत असणार!

वेळापत्रक आम्ही उलटं मांडलं. शाळेची मसुद्याची तारीख शेवटी लिहिली आणि मागे येत गेलो. इंटर्नल असेसमेंट (प्रत्येक विषयाचं शाळेतच तपासलं जाणारं काम) आणि परीक्षांचे आठवडे आधीच खोडले. खरं लिखाण मे-जूनच्या सुट्टीत, कारण बारावी सुरू झाली की कॉलेज अर्जांचं भूत मानगुटीवर बसतं. मसुद्यावर शेरे एकदाच मिळणार, म्हणून अर्धाकच्चा मसुदा द्यायचा नाही. एक गोष्ट मात्र मी दर वेळी दटावून सांगते: टिपण काढतानाच स्रोत आणि पान क्रमांक लिहायचा. ऑगस्टमध्ये 'हे वाक्य मी कुठे वाचलं होतं' म्हणून रडणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

पालकांनी किती मदत करायची, हे आईंनी दोन-तीनदा विचारलं. आजीशी गाठ घालून द्या, लायब्ररीत सोडा, रविवारी त्याच्याकडून पाच मिनिटांत 'या आठवड्यात काय नवीन कळलं' ते ऐका. वाक्यं दुरुस्त करू नका. शेवटच्या चर्चेत सुपरवायझर निबंधातल्या कुठल्याही ओळीबद्दल विचारू शकतात, आणि वडिलांनी घातलेला शब्द तिथे लगेच उघडा पडतो.

ओंकारला निबंधात बी ग्रेड मिळाली. आईंचा फोन आलाच, "ए का नाही?" मुलाखती थोड्याच कुटुंबांच्या होत्या आणि त्यातली बरीचशी नात्यातली, हे त्याने स्वतःच निबंधात लिहिलं होतं. पण त्यामुळे निष्कर्ष कुठे कच्चे पडतात, याची चर्चा त्याने दोन ओळींत आटोपली. ग्रेड बी बघून त्याला फारसं वाईट वाटलं नाही. गोखलेनगरातल्या एका आजोबांनी त्याला आणखी तीन घरांचे पत्ते दिले होते, आणि तिथे जायचं अजून बाकी होतं.