न्यूझीलंडमध्ये टेकडीवर दिसणारी उताराची, पडीक धावपट्टी कशासाठी होती? तिथे घर बांधावं का?

तुम्ही लिहिलंय की नॉर्थ आयलंडमध्ये जी डोंगराळ जमीन घ्यायचा विचार आहे, तिच्या सोंडेवर गवताची तिरकी पट्टी आहे आणि वरच्या टोकाला पत्र्याची मोडकी खोली. ती औषध फवारणाऱ्या विमानांची धावपट्टी असावी का, असं तुम्ही विचारलंय. हो, ती धावपट्टीच आहे. पण औषध फवारणीपेक्षा जास्त ती विमानातून खत टाकण्यासाठी वापरली गेली.

तिथल्या उभ्या उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही आणि जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) कमी. 1948 मध्ये तिथल्या हवाई दलाने ओहाकिया तळावर ॲव्हेंजर विमानातून सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत, थोडक्यात 'सुपर') टाकून पाहिलं. पुढच्याच वर्षी युद्धातून उरलेली टायगर मॉथ विमानं घेऊन धंदा सुरू झाला. टायगर मॉथमध्ये एका खेपेला जेमतेम 200 किलो खत मावायचं, हेक्टरी लागायचं साधारण 250 किलो. म्हणजे एका हेक्टरलाही एक खेप पुरत नव्हती! 1954 नंतर आलेल्या फ्लेचर विमानाने ही अडचण दूर केली. त्याच्या पुढच्या आवृत्त्या टनभर खत उचलत.

इतक्या खेपा करायच्या तर लांबच्या विमानतळावरून ये-जा परवडत नाही, म्हणून पट्टी शेतातच. तीही उंचावर, म्हणजे भरलेल्या विमानाला चढावं लागत नाही. चढाकडे उतरायचं, वरच्या टोकाला वळायचं, लोडरने खत ओतायचं आणि उताराने सुटायचं. चढ ब्रेकचं काम करतो, उतार वेग देतो, त्यामुळे थोडक्या लांबीत भागतं. यात खोट एकच: पट्टी एकमार्गी असते. उतरताना चुकलं तर समोर डोंगर, परत घिरटी नाही.

वरची खोली म्हणजे खताचं कोठार. खरं तर पट्टीचं आयुष्य त्या छपरावर अवलंबून असायचं. सुपर ओलं झालं की त्याची ढेकळं होतात आणि विमानाच्या टाकीत खालच्या झडपेवर ते कमानीसारखं अडकून बसतं. उड्डाण करताना विमान उचलत नसेल तर पायलट दांडा ओढून सगळं खत खाली सोडतो. पण कमान धरली असेल तर खत सुटतच नाही, आणि विमान भारासकट दरीत. शिवाय खतातलं आम्ल ॲल्युमिनियम खातं, म्हणून विमान वरचेवर धुवावं लागे.

पट्ट्या ओस का पडल्या? 1984 मध्ये नव्या सरकारने शेतीची अनुदानं काढायला सुरुवात केली, खतावरचीही. खताची मागणी कोसळली. ज्यांनी टाकणं चालू ठेवलं त्यांना मोठ्या टर्बाइन विमानांसाठी लांब, पक्क्या पट्ट्या हव्या होत्या, आणि कित्येक डोंगरांवर पाइन लावले गेले. पडीक पट्टीवर आज विमान उतरवायला कोणी सांगितलं तरी ऐकू नका. खड्डे, बिळं, वाढलेली झाडं वरून दिसत नाहीत.

आता घराचं. कोठाराच्या भोवती सांडलेल्या खतामुळे क्लोव्हर (कुरणातलं चाऱ्याचं रोप) गर्द असेल, पण त्याला भुलू नका. 1950–60 च्या दशकांत गवत खाणाऱ्या अळीला मारायला डीडीटी हे कीटकनाशक मिसळलेलं सुपर टाकत. कुरणांवरचा तो वापर 1970 पासून आवळला गेला, पूर्ण बंदी 1989 मध्ये आली. डीडीटी आणि त्याचे अवशेष मातीत दशकानुदशकं राहतात. जुन्या सुपरमध्ये कॅडमियम हा विषारी धातूही असे. त्यामुळे कोठार, विमान वळायची जागा आणि धुण्याची जागा अशा तिन्ही ठिकाणची वरची 15 सेंमी माती वेगवेगळी घेऊन डीडीटी, कॅडमियम आणि आर्सेनिकसाठी तपासून घ्या. सगळी एकत्र मिसळली तर जास्त दूषित मातीचं प्रमाण कमी दिसून अहवाल फसवा येतो. घर आणि भाजीचा वाफा कोठारापासून लांबच ठेवा.

खरेदीआधी कौन्सिलकडून (स्थानिक प्रशासनाकडून) 'लिम' म्हणजे जमिनीच्या माहितीचा अहवाल मागवा आणि 'हेल' या माती दूषित करू शकणाऱ्या कामांच्या यादीतलं काही त्या जमिनीवर झाल्याची नोंद आहे का ते विचारा. खताची मोठी साठवण त्या यादीत येते. नोंद नसणं म्हणजे जमीन स्वच्छ असं मात्र नव्हे, कारण शेतातली कोठारं बऱ्याचदा कोणी नोंदवलेलीच नसतात. पट्टी कधीची हे पाहायला रेट्रोलेन्स या संकेतस्थळावर जुने हवाई फोटो फुकट मिळतात. दोन-तीन दशकांचे फोटो शेजारी ठेवले की कोठार कधी आलं आणि पट्टीवर झुडपं कधी चढली ते कळतं.