प्रिझममधून रंग पडताना तांबडा वर आणि जांभळा खालीच का येतो? आणि खिडकीच्या काचेतून रंग का पडत नाहीत?

तांबडा वरच येतो हे तुम्हाला कोणी सांगितलं? याच एका वाक्यापायी दहावीच्या सहामाहीत माझे तीन मार्क गेले, म्हणून लिहायला बसलो.

अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. शाळेतला प्रिझम कपाटात कुलूपबंद. म्हणून मे महिन्यात मी घरीच पाण्याचा प्रिझम केला. फुटक्या खिडकीच्या काचेच्या दोन पट्ट्या सुतारकाकांनी कापून दिल्या. त्या खाली टोकाशी जुळवून उभ्या केल्या, दोन्ही बाजूंना लाकडाचे तिकोनी तुकडे लावले आणि सांधे डांबराने बुजवले. पहिल्या दिवशी सगळं पाणी गळालं. परत डांबर लावलं तेव्हा टिकलं.

मागच्या खोलीचं पत्र्याचं दार पूर्वेला. त्याला खिळ्याचं भोक होतं, सकाळी सातच्या सुमाराला त्यातून कवडसा यायचा. फटींत गोणपाट कोंबलं आणि ती पाण्याची पन्हाळ कवडशात धरली. दहा फुटांवरच्या चुन्याच्या भिंतीवर तीन-चार बोटं उंचीचा रंगांचा पट्टा उमटला. आई चुलीपासून उठून आली, "काय करी ऱ्हायना रे अंधारामा?" म्हणाली, आणि भिंत बघून तिथेच उभी राहिली.

त्या पट्ट्यात जांभळा वर होता. तांबडा खाली.

कारण सरळ आहे. पाणी भरायचं तर टोक खाली आणि रुंद बाजू वर येणारच. प्रकाश प्रिझमच्या रुंद बाजूकडे, म्हणजे पायाकडे वळतो आणि जांभळा सगळ्यात जास्त वळतो. पुस्तकातल्या आकृतीत पाया खाली असतो, म्हणून तिथे जांभळा खाली. परीक्षेत मी डोळ्यांनी पाहिलेलं काढलं, पाया वर दाखवून. सरांनी लाल रेघ मारली, 'क्रम चुकला'. विचारायला गेलो तर म्हणाले, पुस्तकात आहे तसं काढायचं. घरी अण्णाचंही तेच, "मार्क पुस्तकाला असतात." मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

आता तुमची काच. काचेत शिरल्यावर प्रकाशाचा वेग कमी होतो, जांभळ्याचा तांबड्यापेक्षा थोडा जास्तच कमी. नेहमीच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याचा आकडा, तांबड्यासाठी सुमारे १.५१, जांभळ्यासाठी १.५३. फरक एवढाच, पण ६० अंशांच्या प्रिझममधून बाहेर पडेपर्यंत दोघांत जवळजवळ पावणेदोन अंशांची फाक पडते. खिडकीच्या काचेच्या बाजू समांतर, त्यामुळे आत जाताना पडलेलं वळण बाहेर पडताना मोडतं आणि सगळे रंग परत एकाच दिशेने निघतात. प्रिझमची दुसरी बाजू तिरपी असते, ती वळण मोडत नाही, वाढवते.

काच प्रकाशात रंग घालते असं वाटेल, पण ते खोटं आहे, रंग पांढऱ्या प्रकाशातच असतात. न्यूटनने एक सुटा रंग दुसऱ्या प्रिझममधून नेला, तो वळला पण बदलला नाही. हे त्याने १६७२ साली छापून सांगितलं. त्याची भिंत २२ फुटांवर होती, तेव्हा तुम्हीही कागद जवळ धरू नका, लांब धरा आणि खोली गच्च अंधारी करा.

हो, प्रिझम डोळ्याला लावून सूर्याकडे कधीही बघू नका. आणि त्यातून नुसती खिडकी बघितली तरी कडांचे रंग भिंतीवरच्या उलट क्रमाने दिसतील, गोंधळू नका. काही रंगद्रव्यांत जांभळ्या-तांबड्याचा हा नियमही पाळला जात नाही, मी साध्या काचेचं आणि पाण्याचं सांगतोय.

आता माझं चष्म्याचं दुकान आहे. तिरळेपणासाठी नंबरात प्रिझम लिहून येतो, तेव्हा आकड्यापुढे डॉक्टर पायाची बाजूही लिहितात, बेस अप, बेस डाऊन, बेस इन (नाकाकडे), बेस आऊट (कानाकडे). ती लिहिलेली नसेल तर मी भिंग घासायला पाठवत नाही, आधी डॉक्टरांना फोन करतो. अण्णा दुकानात आला की त्याला तो कागद दाखवतो.