अंतरपाट धरायला कोण?

प्रश्न : आम्ही दोघी डेन्व्हरला नोकरी करतो. जुलैत रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात, तळ्याकाठी, फक्त दोघींनीच लग्न करायचं आहे. भटजी नाही, साक्षीदार नाहीत. चालेल?

उत्तर : चालेल. कोलोरॅडोत जोडप्याला स्वतःच विवाह लावता येतो. साक्षीदारांची अट नाही. पासपोर्ट घेऊन काउंटी क्लार्ककडे, म्हणजे जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात जा. विवाह परवान्याचे ३० डॉलर. तो ३५ दिवसच चालतो, म्हणून फार आधी काढू नका. लग्नानंतर सह्या केलेला कागद ६३ दिवसांत परत द्यायचा; फोटोंच्या नादात लोक हेच विसरतात. व्हिसासाठी प्रमाणित प्रत लागते, तिच्या दोन मागवा.

उद्यानाची परवानगी वेगळी, अगदी दोघींसाठीही. ठरावीक जागाच मिळतात, तेव्हा काही महिने आधी अर्ज करा. अक्षता, फुलांच्या पाकळ्या उधळायच्या नाहीत, होमही नाही. अंतरपाट चालतो, पण वारा फार. काठाला दोऱ्या शिवून घ्या. धरायला कोणी नाही म्हणता, तर छायाचित्रकाराला कामाला लावा!

वेळ पहाटेची. जुलैत दुपारी विजा कडाडतात, उघड्यावर थांबणं धोक्याचं. तळी ८,००० फुटांच्या वर आहेत, धाप लागते. आदल्या दिवशीच वर मुक्कामाला जा, पाणी भरपूर प्या. नऊवारीखाली उबदार कपडे घाला.

अमेरिकेत हे लग्न पूर्ण कायदेशीर. भारतात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता नाही; ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ती दिली नाही. वारस, नॉमिनी यांचे कागद तिथे वेगळे करा.