दर महिन्याला भरतोय, तरी कार्डाचा आकडा का हलत नाही?

बेळगावच्या वडगावातलं जोडपं. तो उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला, पगार २७ हजार. ती घरी ब्लाउज शिवते, त्याचे महिन्याला चार-पाच हजार. दोन मुलं शाळेत. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत, हिशेब मात्र तसाच ठेवलाय. दोघं सल्ल्याला आले तेच भांडत. क्रेडिट कार्डावर ४१,२०० रुपये थकले होते, लिमिट ६० हजारांचं. त्याचं म्हणणं, किराणा तीच कार्डावर घेते, दूध-भाजीलाही स्कॅन तीच करते. तिचं एकच वाक्य, तीन-चारदा: "दर महिन्याला भरूलोय की ओ आम्ही, तरी आकडा हलंना."

हे वाक्य शहापुरातून, अनगोळातून, तिकडे निपाणी-खानापुराहूनही सारखं ऐकू येतं. त्यामागचा प्रश्नही ठरलेला असतो: घरखर्च कार्डावर चालवावा की नाही?

भांडण थांबवायचं तर आधी कागद लागतात. अॅपमधून मागच्या १४ महिन्यांची स्टेटमेंटं काढून आणायला सांगितलं. गोष्ट सुरू झाली होती मागच्या वर्षीच्या जूनमध्ये. शाळेची फी, वह्या, रेनकोट हे सगळं एकदम आलं, आणि त्याच महिन्यात कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला. त्या बिलातले १८,४०० रुपये भरायचे राहिले. पुढच्या प्रत्येक स्टेटमेंटवर लाल पेन्सिलीनं फक्त तीन प्रकारच्या ओळींना खूण करायची होती: व्याज, लेट फी आणि त्यांवरचा जीएसटी. बाकी किराणा, दूध, पेट्रोल काळ्या पेनानं. मग बेरीज.

चौदा महिन्यांत नवी खरेदी ९०,६०० रुपयांची. भरणा ८८,५०० रुपयांचा. म्हणजे जेवढं घेतलं तेवढं जवळजवळ फेडलंच होतं. लाल ओळींची बेरीज २०,७०० रुपये. त्यातले १७,३३७ व्याज आणि त्यावरचा जीएसटी, ३,३६३ तीन वेळच्या लेट फीचे. जूनचे १८,४०० त्यात धरले की बरोबर ४१,२०० येतात. किराण्यावरचं भांडण तिथं आटोपलं, कारण थकबाकीचा निम्मा भाग दोघांपैकी कुणीच खर्च केलेला नव्हता.

आता हे व्याज येतं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण इथंच बहुतेकांची गल्लत होते. कार्ड घेताना '४५ ते ५० दिवस बिनव्याजी' असं सांगतात. ते खरं आहे, पण अट अशी की मागचं बिल पूर्ण भरलेलं असलं पाहिजे. त्यातली थोडी रक्कम जरी मागे राहिली, तरी ही सवलत नव्या खरेदीवरूनही उठते. मग आज घेतलेल्या साखरेवर आजपासूनच व्याज चालू. यांच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. रविवार पेठेतून महिन्याचा किराणा भरला ४,३०० रुपयांचा: तांदळाचं पोतं, तेल, डाळी, गूळ, साबण. त्यावर दिवसाला जवळपास पाच रुपये व्याज, वर १८ टक्के जीएसटी. महिनाभरात १७५ रुपये. त्या खरेदीवर कार्डानं एक टक्का कॅशबॅक दिला, ४३ रुपये. ती ४३ ची नोंद त्यांना पाठ होती. १७५ ची नव्हती, कारण व्याजाची ओळ स्टेटमेंटच्या तळाशी एकत्र येते आणि त्यात कुठल्या तांदळाचं किती ते कळत नाही.

दुसरी गल्लत 'किमान देय रक्कम' या शब्दांत आहे. अॅपमध्ये बिल भरायला गेलं की 'एकूण' आणि 'किमान' असे दोन पर्याय शेजारीशेजारी दिसतात. तंगीच्या महिन्यात बोट किमानवर जातं आणि 'या महिन्याचं भरलं' असं मनाला वाटतं. यांची किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के, म्हणजे २,०६० रुपये. (सूत्र बँकेनुसार थोडं बदलतं.) त्यातले १,४४२ व्याजाला, २६० जीएसटीला. मुद्दलातून गेले ३५८. एकही नवी खरेदी न करता असंच ५ टक्के भरत राहिलं, तर निम्मी थकबाकी फिटायलाच साडेसहा वर्षं लागतात. किमान रक्कम भरल्यानं लेट फी टळते आणि खातं थकीत म्हणून नोंदलं जात नाही, एवढंच. उरलेल्या रकमेवरचं व्याज ती थांबवत नाही. गल्लीतला किराणावाला वहीत खातं मांडतो तेव्हा व्याज लावत नाही, आणि दोन महिने झाले की "वहिनी, जरा बघा" म्हणून आठवण करतो. कार्ड अशी आठवण करत नाही, उलट लिमिट वाढवून देऊ का विचारतं.

तिसरी गोष्ट तारखांची, आणि ती दोघांनाही कोड्यासारखी वाटत होती: काही महिने लेट फी लागते, काही महिने नाही, भरायला उशीर तर नेहमीच होतो. स्टेटमेंट १६ तारखेला, भरायची शेवटची तारीख ४. पगार ७ ते १० च्या दरम्यान कधीतरी. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते. पगार ७ ला झाला आणि त्याच संध्याकाळी भरलं तर वाचले. १० ला झाला की ९५० रुपये, जीएसटी धरून १,१२१. अशा महिन्यात किमान २,०६० भरूनही थकबाकी ७६३ रुपयांनी वाढते. शेवटच्या तारखेला शिल्लक नसेल तर ऑटो-डेबिट लावूनही उपयोग नाही. तो परत जातो आणि त्याचा दंड वेगळा पडतो.

उपाय साधा होता, पण कुणी सांगितला नव्हता. त्याच निर्देशांनुसार बिलाचं चक्र निदान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. शाखेत गेले तर "कार्डाचा विभाग वेगळा" असं उत्तर मिळालं, फोनवर कन्नड-हिंदी-इंग्रजीच्या पर्यायांत ती अडकली. मग चार ओळींचा ईमेल: कार्डाचे शेवटचे चार अंक, सध्याची स्टेटमेंट तारीख १६, हवी ती २५, कारण पगार १० पर्यंत होतो. २५ चं स्टेटमेंट म्हणजे शेवटची तारीख १३ च्या आसपास. ईमेलचा तक्रार क्रमांक जपून ठेवायला सांगितला. अशा अर्जाला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क नाही. १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही माहिती मिळते. इथं तशी वेळ आली नाही.

थकबाकीचं काय करायचं यावर तीन वाटा समोर मांडल्या. पहिली, तिचे कानातले सोसायटीत ठेवून सोनेतारण कर्ज. त्यांना सांगितलेला दर १२ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ४१२ रुपये व्याज. सगळ्यात स्वस्त. पण मुदतीत फिटलं नाही तर दागिना लिलावात जातो, आणि या घरात मागचा एक दागिना तसाच गेला होता. ती तयार नव्हती, आणि तिचा नकार बरोबर होता; गणितात स्वस्त असलेली वाट घराला पेलेलच असं नाही. दुसरी, थकबाकीचे बँकेकडून १२ हप्ते. दर महिना दीड टक्का, हप्ता ३,७७७. पेलणारा नाही. तिसरी, २४ हप्ते, तोच दर: हप्ता २,०५७ रुपये. म्हणजे जी किमान रक्कम भरून काहीच हलत नव्हतं, तेवढ्यातच दोन वर्षांत सगळं संपतं. व्याजावरचा जीएसटी वेगळा, पहिल्या महिन्यात १११ रुपये, पुढे कमी होत जातो. एकूण व्याज ८,१६८. हे आकडे पाहून तो म्हणाला, "मग आधी का नाही सांगितलं बँकेनं?" किमान रक्कम भरत राहणारा ग्राहक वर्षाला ४२ टक्के देतो, हे वर पाहिलंच.

हप्ते पाडून घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, प्रोसेसिंग फी किती आणि मुदतीआधी फेडलं तर आकार किती. बोनसमधून एकरकमी फेडायचा विचार असेल तर हे आधी विचारायचं. दुसरी, शेवटची तारीख उलटायच्या आत अर्ज करायचा. खातं थकीत गेलं की बँका ही सोय सहसा देत नाहीत.

खरी अडचण मात्र पुढे आहे, आणि सल्ला देणारे बहुतेक जण ती विसरतात. कार्ड बंद ठेवायचं ठरवलं की पहिला महिना दुप्पट अंगावर येतो. मागच्या महिन्यात खाल्लेल्याचा हप्ता भरायचा आणि या महिन्याचा किराणा रोख आणायचा. कार्डावर आधी सरासरी ६,३०० च्या आसपास भरत होते. आता साडेसहा हजार रोख अधिक हप्ता, म्हणजे २,३०० च्या आसपास जास्त. इथंच लोक महिन्याच्या २० तारखेला पुन्हा कार्ड काढतात. काही जण तर ओळखीच्या दुकानात कार्ड घासून, दोन-तीन टक्के कापून रोख घेतात. ते कार्डाच्या अटींत बसत नाही आणि व्याज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

त्या पहिल्या महिन्यासाठी तिनंच वाट काढली. गल्लीतल्या भिशीत तिचा नंबर पाच महिन्यांनी होता. शेजारणीशी बदलून तो आधी घेतला. किराणा महिनाभर गल्लीतल्या दुकानात वहीवर, त्याला आधीच तारीख सांगून. बाकीची फट स्कॅनच्या ओळींतून भरली. यांचं रूपे कार्ड यूपीआयला जोडलेलं होतं आणि अॅपमध्ये पैसे जाण्यासाठी पहिलं खातं म्हणून तेच निवडलेलं. त्यामुळे दहा रुपयांचा चहा, तीस रुपयांची कोथिंबीर-मिरची, शनिवारची भजी सगळं उधारीत जात होतं. एका स्टेटमेंटमध्ये अशा ४६ ओळी, बेरीज १,९४० रुपये. यूपीआय अॅपच्या पेमेंट पद्धतींत जाऊन कार्ड काढून टाकलं आणि बचत खातं पहिलं ठेवलं. खर्च थांबला नाही, पण शिल्लक डोळ्यासमोर कमी होताना दिसली की चहाच्या ओळी आपोआप निम्म्या होतात.

कार्ड बंदच करून टाकावं का, हा त्याचा प्रश्न. हप्ते चालू असताना बँक बंद करत नाही. पूर्ण फिटल्यावर मागणी केली तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देणं लागतं. तोवर अॅपमधून ऑनलाइन आणि टॅप व्यवहार बंद, आणि लिमिट २० हजारांवर आणायचा अर्ज हप्ते संपत आले की करायचा. ६० हजारांच्या लिमिटवर ४१ हजार वापरलेले दिसले की सिबिल स्कोअर खाली येतो, म्हणून लिमिट आत्ताच कमी केलं तर वापराचं प्रमाण उलट आणखी वाढलेलं दिसतं.

मग घरखर्च कार्डावर घ्यावा का? घ्यावा, पण ज्याचे पैसे आज खात्यात पडलेले आहेत तेवढाच. त्यातही दूध-भाजी नको. महिन्याचा किराणा, गॅस, हेस्कॉमचं म्हणजे विजेचं बिल अशा मोजक्या आणि ठरलेल्या रकमा. ऑटो-डेबिट 'एकूण' वर, 'किमान' वर कधीच नाही. स्टेटमेंट २५ ला असेल तर किराणा २६-२७ ला घ्यावा, म्हणजे फेडायला दीड महिन्याहून जास्त मिळतो. २४ ला घेतला तर वीसच दिवस. कार्डावर दोन टक्के जादा मागणाऱ्या दुकानात रोखच द्यावी, कॅशबॅक त्यापुढे टिकत नाही.

तिसऱ्या भेटीला ती नव्या तारखेचं स्टेटमेंट घेऊन आली. त्यात दोनच ओळी होत्या, हप्ता आणि जीएसटी. एकच विचारायचं होतं: गॅसची टाकी संपली, ती कार्डावर घेतली तर व्याज लागेल का? हप्त्याची रक्कम आणि टाकीचे पैसे मिळून जे 'एकूण देय' येईल ते १३ तारखेच्या आत पूर्ण भरलं, तर टाकीवर व्याज नाही. तिनं ते वाक्य स्टेटमेंटच्या मागं लिहून घेतलं, आणि टाकीचे पैसे रोख दिले.