गिल्डच्या दाराबाहेरचे विणकर

प्रश्न : मुलाकडे इटलीला गेलो होतो, तेव्हा फ्लॉरेन्स पाहिलं. गाइड म्हणाला, मध्ययुगात हे शहर राजाने नव्हे, गिल्डनी, म्हणजे एकेका धंद्यातल्या लोकांच्या संघांनी चालवलं, आणि लोकरीचं गिल्ड त्यात फार बलाढ्य होतं. आमचं घर मागावर चाललेलं. वडिलांनी आयुष्यभर खर्चीवर कापड विणलं. म्हणून विचारतो, तिथे विणकरांचं राज्य होतं का? आणि गिल्ड म्हणजे आपल्याकडच्या जातीच का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : राज्य होतं ते लोकरीच्या मालकांचं, विणकरांचं नव्हे. हा फरक खर्चीवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला फोड करून सांगावा लागणार नाही. व्यापाऱ्याने सुताची बीमं द्यायची, विणलेलं कापड परत न्यायचं; सूत त्याचं, कापड त्याचं, विणणाऱ्याला फक्त खर्ची. फ्लॉरेन्सचा लोकरमालक असाच धंदा करायचा. इंग्लंडहून आलेली लोकर त्याच्या पैशाची. ती धुणारे, पिंजणारे, विंचरणारे त्याच्या दुकानात मजुरीवर राबायचे. सूत कातायच्या बहुतेक बायका, त्यातल्या पुष्कळ आसपासच्या खेड्यांतल्या. विणकर आपल्या घरी मागावर बसायचा, पुढे माल रंगाऱ्याकडे जायचा. इतक्या हातांतून फिरूनही मालकी एकाचीच राहायची.

जोवान्नी विल्लानी या तिथल्याच बखरकाराने १३३८च्या सुमाराचे आकडे लिहून ठेवले आहेत : लोकरीची दोनशेहून जास्त दुकानं, वर्षाला ७० ते ८० हजार तागे, आणि या धंद्यावर जगणारी ३० हजारांहून अधिक माणसं. ‘आर्ते देल्ला लाना’ या लोकरीच्या गिल्डचे सभासद होते ते दुकानांचे मालक. बाकीची हजारो माणसं गिल्डच्या हुकमाखाली होती, पण गिल्डमध्ये त्यांना मत नव्हतं.

आणि तो हुकूम साधा नव्हता. शहरात एकूण २१ गिल्डं, ७ मोठी आणि १४ लहान. १२९३च्या कायद्याने राज्यकारभार त्यांच्या हाती आला. गिल्डात नाव नसेल तर शहराच्या कारभारी मंडळात बसता येत नसे. लोकरीच्या गिल्डने कामगारांवर नजर ठेवायला बाहेरगावचा एक अधिकारी नेमलेला असे, आणि तो शिक्षाही करी. मजुरी हलक्या नाण्यांत मिळायची, मालकांचा मोठा व्यवहार मात्र फ्लोरिन या सोन्याच्या नाण्यांत. हलकी नाणी घसरली की झळ कोणाला बसायची ते उघड आहे. १३४५मध्ये चुतो ब्रांदीनी नावाच्या पिंजाऱ्याने कामगारांची संघटना बांधायचा प्रयत्न केला. त्याला पकडलं. सोडा म्हणून सोबत्यांनी काम बंद ठेवलं, तरी त्याला फाशी दिलं. त्याचा गुन्हा एवढाच, की मालकांनी स्वतःसाठी जे उभारलं होतं तेच त्याला कामगारांसाठी हवं होतं.

१३७८च्या जुलैत हीच माणसं उठली. त्यांना ‘चोंपी’ म्हणत. त्यांनी सरकारी वाडा ताब्यात घेतला आणि मिकेले दी लांदो हा लोकरकामगार शहराचा प्रमुख झाला. त्यांची मुख्य मागणी मला फार बोलकी वाटते : गिल्डं मोडा असं ते म्हणाले नाहीत, आम्हालाही गिल्ड द्या म्हणाले. तीन नवी गिल्डं मिळाली. त्यातलं चोंपींचं ऑगस्ट संपता संपता मोडलं, आणि ते मोडताना मिकेले दी लांदो त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा होता. उरलेली दोन १३८२मध्ये गेली.

आता जातीचा प्रश्न. नाही, जात नव्हे. फी भरून नाव नोंदवायचं, जन्माची अट नव्हती. एक माणूस दोन गिल्डांत असू शके, आणि कोणी कोणाशी लग्न करावं हे गिल्ड ठरवत नसे. कवी दान्तेचं नाव वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या गिल्डात होतं. तो वैद्य नव्हता, त्याला राजकारणात जायचं होतं. चित्रकारही त्याच गिल्डात असत. सभासदाच्या मुलाला फीत सवलत मिळे, त्यामुळे वारसा चाले हे खरं. पण ती कुंपणं पैशाची आणि ओळखीची होती, त्यांत विटाळ नव्हता. दोन्हींना एकच नाव दिलं तर जातीने माणसांचं काय केलं ते झाकलं जातं, म्हणून मी ही तुलना करत नाही.

तुलना करायचीच तर नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या १० नंबरच्या लेण्याशी करा. काळ हजारेक वर्षं आधीचा. तिथल्या कोरीव लेखात आहे : क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, मिळून ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले. एकीने दरमहा शेकडा १ व्याज द्यायचं, दुसरीने पाऊण, आणि त्यातून भिक्षूंच्या चिवरांचा (वस्त्रांचा) व इतर गरजांचा खर्च भागायचा. राजाचा जावई विणकरांच्या संघाकडे विश्वासाने पैसा ठेवतो, हे मी तो लेख वाचताना दर वेळी थांबून वाचते. फ्लॉरेन्सच्या विणकराला असा संघ काढायचीच बंदी होती.

प्रश्न : मे महिन्यात फ्लॉरेन्सला जाणार आहे, हाती एकच दिवस आहे. गिल्डच्या खुणा कुठे पाहाव्यात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ओर्सानमिकेले. पूर्वीचा धान्यबाजार, पुढे चर्च. बाहेरच्या भिंतींत १४ कोनाडे आहेत, आणि त्यांतल्या मूर्ती बहुतेक गिल्डांनी आपापल्या पैशांतून बसवल्या. श्रीमंतांच्या मूर्ती ब्राँझच्या, इतरांच्या संगमरवरी. ब्राँझ कितीतरी पट महाग. दगड-लाकूडकामाच्या गिल्डचा कोनाडा चुकवू नका. वर चार संत आहेत, पण नजर खालच्या पट्टीवर न्या : एक गवंडी भिंत रचतो आहे, एक कारागीर लहान मुलाची मूर्ती कोरतो आहे. कामाच्या कपड्यांतली माणसं गिल्डने आपल्या संतांच्या पायाशी कोरून घेतली! याच गिल्डने १४३४मध्ये वर्गणी थकवली म्हणून वास्तुकार ब्रुनेलेस्कीला तुरुंगात घातलं होतं, तेही कॅथीड्रलचा त्याचा घुमट पुरा होत आला असताना. घुमटाचं बांधकाम लोकरीच्या गिल्डच्या देखरेखीखाली होतं. त्या बाजूने दबाव आला आणि तो काही दिवसांत सुटला. लोकरीच्या गिल्डची इमारत शेजारीच आहे, कोकराची मुद्रा दिसली की ओळखाल.

बाहेरच्या मूर्ती आता प्रतिकृती आहेत. मुळातल्या बहुतेक वरच्या मजल्यावरच्या संग्रहालयात आहेत, पण ते रोज उघडं असेलच असं नाही. निघण्याआधी वेळ बघून घ्या.