टाके निघाले, मग क्रेट उचलू का?

प्रश्न : आतड्याला पीळ पडल्यामुळे पोट उघडून ऑपरेशन झालं. बाराव्या दिवशी टाके काढले, जखम वरून कोरडी आहे. तरी डॉक्टर सहा आठवडे वजन उचलू नका म्हणतात. द्राक्षकाढणी तोंडावर आली आहे, वीस-वीस किलोचे क्रेट असतात. जखम भरली नव्हती तर टाके काढले कशाला? घरातले हळद भरा म्हणतात, चालेल का?
– एक बागायतदार, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : काढले ते कातडीचे टाके. पोटाचा भार पेलतं ते खालचं पांढरं, चिवट आवरण. ते आत वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं असतं. हे संयोजी ऊतक, म्हणजे शरीराचे भाग एकत्र बांधून धरणारा थर. त्याला रक्त कमी मिळतं, म्हणून ते सावकाश भरतं. पहिले चार-पाच दिवस नुसती साफसफाई चालते. मग पेशी कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे धागे विणू लागतात, पण हे विणकाम कच्चं असतं. ते मोडून ताणाच्या दिशेने जाड धागे बसायला महिने जातात. अशा जखमेची ताकद आठवड्याने मूळच्या ३ ते ५ टक्के, तीन आठवड्यांनी सुमारे २०, तीन महिन्यांनी ८०. पूर्ववत कधीच होत नाही.

तोवर भार आतल्या दोऱ्यावर. तो सहसा तुटत नाही. जोर पडला की उकडलेलं अंडं दोऱ्याने कापावं तसा आवरणालाच कापतो. तिथून पुढे हर्निया होतो, म्हणजे त्या फटीतून आतडं कातडीखाली फुगून येतं. फुगवटा दिसायला कधी वर्षही लागतं.

म्हणून सहा आठवडे चार-पाच किलोंच्या वर काही नको, भरलेली कळशीसुद्धा नको. क्रेट तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांनी पोट तपासल्यावर. खोकताना पोटावर उशी दाबून धरा, उठताना आधी कुशीवर वळा. कुंथणंही वजन उचलण्याइतकंच वाईट.

सांगलीत राहून हळदीला नाही म्हणणं अवघड आहे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ती आमटीत घाला. कोलॅजेनला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं : डाळ, अंडी, रोज एक पेरू. (तुमच्या द्राक्षांत ते थोडंच असतं.) तंबाखू, मिश्री बंद, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी.

जखमेतून अचानक गुलाबी, पातळ पाणी भळभळलं तर आतली शिवण उसवली असं समजा, मग वरची कातडी कितीही छान दिसो. आडवे व्हा, स्वच्छ ओलं कापड झाका, आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलू नका आणि तसेच दवाखाना गाठा.